रंभाजीचा कान

जानेवारीतल्या सकाळी पढेगाव आणि बेलापूर या स्टेशनांच्या मधल्या लाइनीवर धुक्याचा पडदा असतो. दाट, पांढरा, उसाच्या पाचटाचा ओला वास असलेला. आठच्या सुमाराला तो खालून वर उचलला जातो, म्हणून आधी दिसतात ती फक्त पावलं. जाड बुटांतल्या सात जोड्या, खडीवर. मग गुडघे. मग नारिंगी जाकिटं, पहारी, फावडी. सगळ्यात शेवटी चेहरे, आणि तेही कानटोप्यांत गुंडाळलेले. प्रेक्षक म्हणाल तर तारेवर बसलेला एक कोतवाल पक्षी.

सातजण एका घोळक्यात काम करतात. आठवा त्यांच्यापासून शंभरेक पावलं लांब, वळणाच्या तोंडाशी एकटा उभा असतो. गळ्यात शिट्टी, काखेत गुंडाळलेली लाल झेंडी. हातात ना पहार ना फावडं. लांबून बघणाऱ्याला वाटावं, हा बाबा फुकटचा पगार खातोय. पण त्या आठव्या माणसाचं काम सगळ्यांत अवघड. तो ऐकतो.

बेलापूरच्या बाजूला लाइन सरळ आहे. गाडी मैलभरावरून दिसते. पढेगावच्या बाजूला मात्र वळण आणि वळणावर दोन्हीकडे पुरुषभर उंच ऊस. तिकडून येणारी गाडी दिसते तेव्हा माणसाच्या हाती पाच-सहा श्वास उरलेले असतात. खाली माना घालून खडी ठोकणाऱ्यांना त्या ठणठणाटात काही ऐकू येत नाही. म्हणून वळणापलीकडच्या पिवळ्या पाटीपाशी ड्रायव्हरनं भोंगा वाजवायचा, तो या आठव्या माणसानं ऐकायचा, शिट्टी मारायची, झेंडी दाखवायची, आणि सातजणांनी अवजारं उचलून लाइनीबाहेर व्हायचं. या कामाला लुकआउट म्हणतात. येणारी गाडी आणि सात जीव यांच्या मधे एका माणसाचा कान असतो.

हा कान रंभाजी विघावेचा होता, आणि गेली अकरा वर्षं गँगमधल्या कुणालाही दुसऱ्याचा कान नको होता.

रंभाजीचे वडीलही याच लाइनीवर राबले. पोरगा पाच वर्षांचा असताना त्याला खांद्यावर घेऊन ते वाफेचं इंजिन दाखवायला न्यायचे. त्या काळी शिट्टी दोरी ओढून वाजायची, आणि दोरी ओढणारा प्रत्येक हात वेगळा असायचा. एक ड्रायव्हर असा होता, की शिट्टी सुरू करताना हळू, मधे भरघोस आणि शेवटी पुन्हा हळू सोडायचा. वडील म्हणायचे, "हा मानूस घरी पोरांना मारत नसल." दुसरा एक होता, तो दोरीला हिसडाच द्यायचा. वाफेच्या शिट्टीवरून माणूस ओळखायला शिकलेला तो पोरगा पुढं गँगमध्ये लागला आणि डिझेलच्या भोंग्यावरून गाडी ओळखू लागला. जेवायला बसलेला असताना दोन मैलांवर भोंगा झाला की घास हातात धरून सांगायचा, "मालगाडी हाय. भरलेली."

"भरलेली कशावरून?" बायको विचारायची.

"भोंगा त्योच असतो गं. पन भरलेल्या गाडीचा डायवर जास्त येळ दाबून धरतो. गाडी पटकन थांबायची न्हाई, हे त्याला म्हाईत असतं. भ्या वाटतं त्याला."

बायकोचं नाव चांगुणाबाई. तिचं अख्खं घर भोंग्यांवर चालायचं. पहाटेच्या झेलमला चूल, सकाळच्या पॅसेंजरला भाकरी, दुपारच्या एक्सप्रेसला शेळीला पाणी. लाइनीच्या कडेच्या त्या वस्तीत प्रत्येकाचा भोंगा वेगळा होता. शेजारच्या शेतातली छबूबाई भोंग्याला शिव्या घालायची. तिची म्हैस धार काढताना भोंगा झाला की पान्हा चोरायची, आणि छबूबाई कासंडी हातात घेऊन गाडीच्या शेवटच्या डब्याला ओरडायची, "तुज्या डायवरला काळा चहा मिळंल जन्मभर!" शाळेतल्या ज्योती मॅडम फळ्याकडे तोंड करून भोंगा संपेपर्यंत थांबायच्या, पोरांना तेवढीच सुट्टी, आणि मॅडमनाही तेवढाच श्वास. सगळ्यांत बिचारा श्रीमंत. नावाचाच श्रीमंत. फाटकाजवळ त्याची चहाची टपरी होती. भोंगा झाला म्हणजे फाटक बंद, फाटक बंद म्हणजे पन्नास मोटारसायकली उभ्या, आणि श्रीमंतची किटली स्टोव्हवर. मग फाटकाच्या जागी खालून रस्ता काढला. आता कुणी थांबत नाही. श्रीमंत म्हणतो, "रंभाजी, पूर्वी भोंगा वाजला की मला उचकी लागायची आनंदानं. आता वाजला की वाटतं, कुनीतरी दारावरनं हाक मारून तसंच पुढं गेलं."

रंभाजी हे सगळं ऐकून घ्यायचा आणि चौदा एप्रिलला परत करायचा. मिरवणूक संपून मंडळी विहारापुढं बसली की कुणीतरी हाळी द्यायचंच, "रंभाजी, इंजिन काढा!" मग तो आढेवेढे घेत उठायचा, दोन्ही तळव्यांची ओंजळ तोंडाशी धरायचा आणि सुरू व्हायचा. आधी वाफेची शिट्टी, वडिलांच्या आवडत्या ड्रायव्हरची, हळू सुरू होऊन हळू विरणारी. मग जुन्या डिझेलचा छातीतून निघणारा भ्वाँऽऽ. मग स्टेशनात शिरताना दोन तुकड्यांत तोडलेला. मग लांब पल्ल्याची गाडी गावाला न थांबता जाते तो, जवळ येताना चढणारा आणि लांब जाताना उतरणारा. हा शेवटचा त्याला असा साधायचा की बसलेली माणसं नकळत माना वळवून गाडी जाताना बघायची. टाळ्या पडायच्या. त्या टाळ्यांत तो एखाद्या कसलेल्या नटासारखा मान खाली घालून उभा राहायचा. खरं सांगायचं तर त्याला वर्षभर त्या एका संध्याकाळची भूक असायची.

आणि आता निवृत्तीला चौदा महिने राहिलेले असताना या माणसाला भोंगा ऐकू येईनासा झाला होता.

एकदम नाही. लाइनीवर वीज आली, विजेची इंजिनं धावू लागली, आणि दीडेक वर्षांपूर्वी रंभाजीला पहिल्यांदा वाटलं, की नवे ड्रायव्हर आळशी आहेत. भोंगाच वाजवत नाहीत. त्यानं एका पॅसेंजरच्या ड्रायव्हरला स्टेशनात गाठून तसं सुनावलंही. ड्रायव्हर हसून म्हणाला, "काका, अंगठा दुखेपर्यंत वाजवलाय." मग एके दिवशी अंगणात शेंगा फोडताना चांगुणाबाई म्हणाली, "आवं, किती चिरका वाजतो ह्यो नवा. कानात दाभन घातल्यावानी." रंभाजीनं शेंग खाली ठेवली. त्याला काही वाजलेलंच नव्हतं.

त्यानंतर त्यानं गुपचूप स्वतःची परीक्षा घेतली. एखादं जुनं डिझेल आलं, तर त्याचा जाड भोंगा अजून ऐकू येत होता. वरच्या पट्टीतलं मात्र सगळं गेलं होतं. कुकरची शिट्टी. मोबाईल. चिमण्या. चाळीस वर्षं खडीवर लोखंड आपटलेलं अगदी कानाशी ऐकलं, त्याचं हे फळ. मागच्या तपासणीच्या वेळी कान ठीक होते. पुढची तपासणी यायच्या आत नोकरी संपणार होती. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं.

म्हणून तो गप्प राहिला आणि डोळ्यांनी ऐकू लागला. वळणावरच्या उसातून बगळे उठले की गाडी. रुळांवरच्या विजेच्या तारेला बारीक कंप सुटला की गाडी. बुटाची टाच रुळाला लावून ठेवायची. अजून तरी चूक झाली नव्हती. पण घरी जाईपर्यंत त्याची मान लाकडासारखी व्हायची. सगळा दिवस एका तारेकडे बघत उभं राहणं म्हणजे काय, ते करून बघावं. चांगुणाबाई मानेला तेल चोळायची आणि म्हणायची, "काम तर उबं राहायचं. एवढं काय थकायचं?"

तो म्हणायचा, "व्हय. उबंच तर राहायचं."

त्या दिवशी धुकं वर गेलं, काम झालं, आणि बारा वाजता गँग बाभळीखाली जेवायला बसली. गँगमध्ये नवी आलेली मोनिका नेवासा तालुक्यातली. बी.एस्सी. झालेली, परीक्षा देऊन लागलेली, पहिल्या दिवशी पहार उचलताना हाताला फोड आले तरी बोलली नाही. तिच्या गावाकडं रेल्वे नाही. नोकरी लागेपर्यंत तिनं भोंगा जवळून ऐकला नव्हता.

"पहिल्या आठवड्यात मी प्रत्येक भोंग्याला 'ओ' द्यायचे," ती सांगत होती. "खरंच. वाटायचं, कुणीतरी मलाच बोलावतंय."

"आता?"

"आता वाटतं, बोलावतंय खरं, पण कामाला."

सगळे हसले. गँगचा मुकादम गहिनीनाथ, रंभाजीबरोबर एकाच वर्षी लागलेला. तो भाकरीचा तुकडा रंभाजीच्या डब्यात टाकत म्हणाला, "ह्या पोरीला तुझं इंजिन दाखवलं का न्हाई, रंभा? चौदा एप्रिलपर्यंत कुठं थांबती ती?"

"जेवू दे की मला."

"मामा, काढा ना," मोनिका म्हणाली. "सगळे म्हणतात, मामांसारखं कुणालाच येत नाही."

नटाला असं म्हटल्यावर तो बसून राहत नाही. रंभाजीनं हात धुतले, ओंजळ केली आणि वाफेची शिट्टी काढली. मोनिकाचं जेवण थांबलं. मग जुनं डिझेल काढलं. बांधावरचं कुत्रं उठून बाजूला झालं, आणि गँगमध्ये हशा पिकला. मग जवळ येऊन लांब जाणारी गाडी. मोनिकानं टाळ्या वाजवल्या.

"आता विजेचं! सकाळी गेलं ते!"

हे रंभाजीनं कधी काढलं नव्हतं. कुणी सांगितलंच नव्हतं. पण रंग भरला होता, अंगात आलं होतं, आणि थांबायचं भान राहिलं नाही. त्यानं डोळे मिटले, कानात जे उरलं होतं ते घेतलं आणि ओंजळीतून सोडलं. भूंऽऽऽ. जाड, गढूळ, रांजणात तोंड घालून बोलल्यासारखं.

मोनिका खो खो हसली. "मामा, हे काय? हे तर पुन्हा डिझेलच! विजेचं असं असतं." तिनं ओठ आवळले, गाल आत घेतले आणि काहीतरी केलं. बाकीच्यांनी कानांवर हात ठेवले. कुणी म्हणालं, "बास बास, पडदे फाटतील!" रंभाजीला तिचे आवळलेले ओठ दिसले. तोही हसला. सगळ्यांच्या मागोमाग, एक क्षण उशिरा.

गहिनीनाथ हसला नाही. घास तोंडातच होता. तो चघळायचा थांबला होता. मग त्यानं डबा झाकला आणि म्हणाला, "चला, उठा. झाली करमणूक."

संध्याकाळी सगळे पांगल्यावर दोघं लाइनीकडेनं चालत निघाले. गहिनीनाथ मुद्दाम रंभाजीच्या पाठीमागं राहून हळू म्हणाला, "रंभा, तुझ्या बुटाची नाडी सुटली."

रंभाजी चालत राहिला.

गहिनीनाथनं पुढं येऊन त्याचा दंड धरला. "कवापास्नं?"

"काय कवापास्नं?"

"मला नको शिकवू. तू जे ऐकतो, त्येच तोंडानं काढतो. चाळीस वर्सं बघतोय. दुपारी जे काढलं, तेवढंच तुला ऐकू येतंय."

"सर्दी झालीय मला."

"विजेची इंजिनं आली तवापास्नंची?"

रंभाजी खडीवरच बसला. "निगून जातील रं चौदा महिने," तो म्हणाला. "आजवर एकदा तरी चुकलो का? सांग. एकदा तरी?"

"न्हाई चुकला."

"साहेबांना कळलं तं तपासनी. तपासनी म्हंजी अनफिट. रंभाजी विघावे, कान अनफिट. मग हापिसात कोपऱ्यात बसून फायलींवरची धूळ झटका. अन् पुढच्या चौदा एप्रिलला कोन म्हननार मला, इंजिन काढ?"

गहिनीनाथ वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. त्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाला आग लागली, तेव्हा याच रंभाजीनं भाजल्या हातांनी कनात ओढून काढली होती. तो त्याच्या शेजारी बसला आणि म्हणाला, "उद्यापास्नं मोनिकाला तुझ्याजवळ उबी करतो. शिकाऊ म्हनून. कान तिचा, शिट्टी तुझी. कागदावर तूच. कुनाला काय कळायचंय?"

"तिला सांगायचं?"

"तिला सांगू, मामाचं गुडघं दुखत्यात, सोबत ऱ्हा. हुशार हाय पोरगी. विचारायची न्हाई."

त्या रात्री रंभाजी दीड वर्षात पहिल्यांदा पोटभर जेवला.

मोनिकानं खरंच विचारलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्या डाव्या बाजूला उभी राहू लागली. भोंगा ऐकू आला की ती नुसता त्याच्या कोपराला हात लावायची, आणि रंभाजी शिट्टी मारायचा. पहिल्या दिवशी बोट लावताना तिनं त्याच्याकडे बघितलं होतं. नंतर बघणंही सोडलं. सातांतली एक इकडे आल्यानं पहार धरणारे आता सहाच उरले; त्यांच्या वाट्याला जास्त काम आलं आणि ते कुरकुरले. गहिनीनाथनं त्यांना गप्प केलं. सगळं सुरळीत चाललं होतं.

फक्त रंभाजीचा थकवा जाईना. वाटलं होतं, मानेवरचा भार उतरला की माणूस हलका होईल. पण पडद्यामागून दुसऱ्यानं गायचं आणि आपण नुसतं तोंड हलवायचं, या कामात जो शीण आहे तो गाण्यात नाही. शिट्टी मारली की सहाजण लगेच बाजूला व्हायचे, आणि त्यातला कारभारी नावाचा म्हातारा न चुकता हात वर करून म्हणायचा, "शाब्बास रंभाजी! कान हाय का काय!" दिवसातून दहा वेळा हे ऐकायचं. हे मात्र त्याला स्वच्छ ऐकू यायचं.

असे तीन आठवडे गेले. फेब्रुवारी लागला आणि एका सकाळी वारं सुटलं.

कोरडं, दांडगं वारं. उसाचं पान न् पान सळसळत होतं. बगळे सकाळीच कुठंतरी निघून गेले होते. विजेच्या तारा आपोआपच थरथरत होत्या, गाडी असो वा नसो. रंभाजी मोनिकाजवळ उभा राहून ते बघत होता. डोळ्यांनी ऐकायचं म्हटलं तरी आज ऐकण्यासारखं काही उरलं नव्हतं.

अकराच्या सुमाराला मोनिका चुळबुळू लागली. बायामाणसाची अडचण, लाइनीवर आडोसा एक उसाचाच. ती म्हणाली, "मामा, मी आलेच. पाच मिनिटं. चालेल ना?"

"जा की. मी हाय."

ती बांध उतरून उसात गेली. रंभाजीनं वळणाकडं तोंड केलं. टाच रुळाला लावली. रूळ थंड आणि मुका. पण गाडी लांब असली की रूळ मुकाच असतो, आणि बोलू लागतो तेव्हा फार उशीर झालेला असतो. त्यानं तारेकडं पाहिलं. तार थरथरत होती. ती सकाळपासून थरथरत होती. त्यानं मागं पाहिलं. सहाजण रुळांत वाकलेले. कारभारीची पाठ वळणाकडं. गहिनीनाथ गुडघ्यावर बसून रुळाला डोळा लावून तो सरळ आहे का ते बघत होता.

गाडी येत असेल. किंवा येत नसेल. एखादा ड्रायव्हर या क्षणी अंगठा दुखेपर्यंत भोंगा दाबून बसला असेल, आणि आपण इथं वाऱ्यात एखाद्या खांबासारखे उभे आहोत. वेळापत्रक त्याला तोंडपाठ होतं. त्यात आत्ता गाडी नव्हती. पण मालगाडीला वेळापत्रक नसतं.

रंभाजीनं शिट्टी तोंडात धरली आणि सगळी छाती रिकामी केली. झेंडी उलगडली.

सहाजण उड्या मारून बाजूला झाले. पहारी, फावडी बाहेर आली. सगळे कडेला उभे राहून वळणाकडं बघू लागले. एक मिनिट गेलं. दोन गेली. वारं तेवढं होतं.

"कुठाय रं गाडी?" कारभारी ओरडला.

रंभाजीनं झेंडी खाली केली नाही.

"विसावा म्हनून शिट्टी मारली का काय?" कुणीतरी म्हणालं. "काम कोन करनार, तुझा बाप?"

"थांबा म्हनलं ना," रंभाजी म्हणाला.

नेमके त्याच वेळी सेक्शनचे साहेब पलीकडच्या लाइनीवरून पाहणीला चालत येत होते. आठ माणसांची गँग. त्यातली सहा कडेला हात बांधून उभी, एक गायब, एक झेंडी धरून उभा, आणि गाडीचा पत्ता नाही. ते रूळ ओलांडून आले. "काय चाललंय? गाडी कुठून येतेय, विघावे?"

गहिनीनाथ लगबगीनं पुढं आला. "साहेब, लांब भोंगा झाला मघाशी. वाऱ्यानं अंदाज..."

"मुकादम, मी त्यांना विचारलं."

मोनिका उसातून धावत बांध चढली. रंभाजीपाशी येऊन थांबली. तिनं वळणाकडं कान दिला, क्षणभर श्वास धरला आणि हळूच मान हलवली. काही नाही. लाइन मोकळी होती.

गहिनीनाथ रंभाजीकडं बघत होता. तो डोळ्यांनी विनवत होता. एवढंच म्हण, वाऱ्यानं फसलो. वाऱ्यानं कुणीही फसतं. साहेब दोन शब्द बोलतील आणि निघून जातील.

"साहेब," रंभाजी म्हणाला, "गाडी येतीय का न्हाई, मला म्हाईत न्हाई. मला विजेच्या इंजिनाचा भोंगा ऐकू येत न्हाई. दीड वर्स झालं. ही पोरगी होती तवर भागत हुतं. ती पाच मिनिटं गेली, म्हनून मी समद्यांना बाहेर काढलं."

कारभारीनं हातातली पहार हळूच खाली ठेवली.

"दीड वर्ष?" साहेबांचा आवाज चढला. "विघावे, काही झालं असतं तर?"

"तेच तं, साहेब."

"आणि हे कुणाला माहीत होतं?"

रंभाजीनं गहिनीनाथकडं बघितलंसुद्धा नाही. "कुनालाच न्हाई. मी लई भारी नट हाय, साहेब. वस्तीत विचारा."

साहेब वयानं तरुण होते. ओरडायचं ठरवून आले होते आणि आता काय करावं ते त्यांना कळेना. शेवटी म्हणाले, "आज घरी जा. उद्या ऑफिसला या. तपासणीचा कागद देतो." आणि मोनिकाकडं वळून, "लुकआउट तुम्ही घ्या."

रंभाजीनं गळ्यातली शिट्टी काढली. दोरी घामानं काळी पडलेली. ती तशी द्यायला त्याला लाज वाटली. त्यानं दोरी सोडवून खिशात घातली आणि नुसती शिट्टी मोनिकाच्या तळहातावर ठेवली. तिचे डोळे भरले होते.

"मामा, मी गेलेच नसते तर..."

"तर काय? उद्या गेली असती. मानूस हाय तू." मग तो तिला वळणाकडं तोंड करून उभी करत म्हणाला, "हे ध्यानात ठेव. वारं तिकडून असलं की भोंगा आधी येतो, मग गाडी. वारं इकडून असलं की गाडी आधी येती. म्हनून अशा वाऱ्याला नुसत्या कानावर जाऊ नको."

ती मान हलवत राहिली.

गहिनीनाथ त्याला बांधापर्यंत सोडायला आला. तिथं म्हणाला, "माझं नाव घ्यायचं हुतं. मीच उबी केली तिला."

रंभाजीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि बांध उतरला. मागं पाच पहारी पुन्हा खडीवर पडू लागल्या.

घरी पोहोचला तेव्हा दीड वाजला होता. चांगुणाबाई शेळीला पाणी दाखवत होती. इतक्या लवकर नवरा आलेला बघून तिनं बादली खाली टेकवली.

"काय झालं? कुनाला लागलं का?"

"कुनाला न्हाई लागलं."

त्यानं बूट काढले, ओट्यावर बसला आणि तिला सगळं सांगितलं. बगळ्यांचं, तारेचं, कोपराचं, साहेबांचं. चांगुणाबाई ऐकत होती. मधेच ती उठली, आत गेली, तेलाची वाटी घेऊन आली आणि त्याच्या मागं बसून मान चोळू लागली. दीड वर्षं आपण काय चोळत होतो, ते तिला आत्ता कळलं. डोळ्यांतलं पाणी तिनं पदरानं टिपलं आणि त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेऊन, नेहमीपेक्षा मोठ्यानं म्हणाली, "घरात सांगायला काय झाल्तं तुमाला?"

"तू म्हनली असती, सोड काम."

"म्हनलेच असते."

"मग?"

तिला हसू आलं. मग पुन्हा गंभीर होत तिनं विचारलं, "आता उद्या साहेबांकडं. मग तपासनी. मग? आता काय करनार तुमी?"

रंभाजीनं मान इकडून तिकडं हलवून बघितली. ओट्यावर ऊन आलं होतं. घोंगडी तिथंच घडी घालून ठेवलेली होती. ती उशाला घेऊन तो आडवा झाला, कानटोपी डोळ्यांवर ओढली आणि म्हणाला,

"झोपतो जरा. गाडी आली तं तू ऐक."